हात पुन्हा चालू लागला, तो कुणामुळे?

पत्र: मी डिचोलीची. वय 36. पणजीच्या कला महाविद्यालयात शिकले आणि बारा वर्षं इलस्ट्रेशनची कामं करते: हॉटेलांची मेनूकार्डं, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं, पर्यटकांच्या दुकानांसाठी पोस्टकार्डं. मधली तीन वर्षं हात पार आखडला होता. जो येईल तो व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं नाव घेऊन म्हणायचा, ‘मारियोसारखं काढून दे.’ स्वतःसाठी एक रेघ मारवत नव्हती. गेल्या पावसाळ्यात चित्रकारांना कामं मिळवून देणाऱ्या लंडनच्या एका एजन्सीनं मला घेतलं. तिथल्या एजंटबाईंनी माझ्या 31 चित्रांतली 17 काढून टाकायला लावली. उरलेली 14 एकत्र पाहिली आणि वाटलं, ही बाई बरी काढते की! तेव्हापासून रोज काढते आहे; तिला आवडेल का असा विचार करून काढते. आता मुलांच्या 32 पानी पुस्तकाचं पहिलं काम आलं आहे. पण भीती जात नाही. हा आत्मविश्वास माझा की तिचा? उद्या ती सोडून गेली तर? घरचे म्हणतात, एजन्सीला 30 टक्के कमिशन कशाला द्यायचं? इथल्या जुन्या गिऱ्हाइकांचं काय करू? आणि पाचव्या स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या चित्रावर, दोन आठवडे अडकले आहे. त्यात आजी नातीला माटोळी, म्हणजे गणेश चवथीला मूर्तीच्या वर फळं बांधून टांगतात ती लाकडी चौकट, बांधायला शिकवते. सोबत फेरीबोटीची दोन चित्रं पाठवते, एक चार वर्षांपूर्वीचं, एक या महिन्यातलं.

उत्तर: ताई, आधी त्या दोन चित्रांबद्दल बोलू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांतच आहे.

जुन्या चित्रात बोटीवरच्या सगळ्या माणसांना एकाच जाडीची बाह्यरेषा आहे. नाकं टोकदार, डोळे वटारलेले, आणि एकही कोपरा रिकामा सोडलेला नाही. नव्या चित्रात मासळीची पाटी घेतलेली बाई आहे. तिच्या खांद्यावर रेघ जाड आहे, दंडावरून उतरताना बारीक होते, कोपरापाशी तुटते आणि एकदम मनगटावर परत येते. कोपर तुम्ही काढलेलंच नाही, तरी ते दिसतं. मागचा रॅम्प म्हणजे राखाडी रंगाचा एकच हात. जिथे सोडायचं तिथे सोडता येणं, हे हात सुटल्याचं सर्वांत स्पष्ट लक्षण.

आता जुन्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे एक कुत्रं झोपलं आहे. त्याची पाठ एका रेघेत आहे, आणि पोटापाशी तीच रेघ सोडून दिली आहे. तो हात आजचाच आहे. चार वर्षांपूर्वी एजंट नव्हती, तेव्हाही तो तुमच्याकडे होता. फक्त गिऱ्हाईक ज्याच्याकडे बघणार नाही अशा कोपऱ्यात त्याला जागा मिळत होती.

मग एजंटनं काय केलं? निवड केली. प्रकाशकाची आर्ट डायरेक्टर चित्रकाराच्या निवडक कामांचा पोर्टफोलिओ उघडते तेव्हा तिला एकच गोष्ट ताडून बघायची असते: या माणसाला पुस्तक दिलं तर सगळी पानं एकाच हातची येतील का? 31 चित्रांत चार-पाच तऱ्हा दिसल्या की आपल्या वाट्याला कोणती येणार ते तिला कळत नाही, आणि ती पुढच्या नावाकडे जाते. म्हणून 12 ते 20 चित्रं पुरतात. काढून टाकलेली 17 वाईट होती असं समजू नका. ती तुमचं कोणतं काम हवं हे सांगत नव्हती, एवढाच त्यांचा दोष. त्या 14 मध्ये अजून भर घालायची असेल तर ती क्रमाची घाला: एकच मुलगी चार प्रसंगांत, चार कोनांतून, रडताना, पळताना, पाठमोरी. शिवाय दोन-तीन कृष्णधवल, कारण जरा मोठ्या मुलांच्या पुस्तकांत आतली चित्रं बहुधा एकरंगी असतात.

‘मारियोसारखं’ हा गोव्यातल्या प्रत्येक इलस्ट्रेटरच्या पाचवीला पुजलेला शब्द आहे. लोटलीच्या मारियो मिरांडांना जाऊन 2011 पासून एवढी वर्षं झाली, तरी बारपासून बेकरीपर्यंत सगळ्यांना भिंतीवर त्यांचीच माणसं हवी असतात. त्यांची रेघ आली कुठून ते आठवा. तरुणपणी ते रोजनिशीच चित्रांत ठेवत, गावातली माणसं, लग्नं, भांडणं, कुणी न सांगता. ती रेघ उसनी घेऊन तुम्ही काढता तेव्हा प्रत्येक फटकारा दुसऱ्याच्या मापानं मोजला जातो, आणि त्या मापाला तुम्ही कधीच पुऱ्या पडत नाही. हात आखडण्याचं कारण बहुतेक हेच. आळस किंवा वय मुळीच नाही.

एजंटनं केलेली दुसरी गोष्ट म्हणजे घासाघीस तुमच्या टेबलावरून उचलली. ज्या हातानं सकाळी ‘साहेब, मागचं बिल राहिलंय’ असा मेसेज लिहायचा, त्याच हातानं दुपारी मोकळी रेघ मारायची, हे अवघड असतं. त्याचे पैसे तुम्ही देता. टक्क्यांचा हिशेब आता घरच्यांसमोर मांडा.

इलस्ट्रेशन एजन्सीचं कमिशन साधारण 25 ते 30 टक्के असतं. फक्त पुस्तकांचं काम बघणारे एजंट बहुतेक वेळा देशातल्या कामावर 15 आणि परदेशी हक्कांवर 20 टक्के घेतात. 30 टक्के गेल्यावर पूर्वीइतकीच रक्कम हातात यायला काम जवळपास 43 टक्क्यांनी महाग जायला हवं; 25 टक्क्यांना हा आकडा 33 होतो. समजा, एक काम तुम्ही स्वतः 40,000 ला घेतलं असतं. एजंटमार्फत ते 57,000 च्या खाली गेलं तर तुम्ही तोट्यात. 70,000 ला गेलं तर 21,000 तिचे, 49,000 तुमचे. यात वेळही धरा. पुढच्या तीन कामांची एक वही ठेवा: चित्राचे तास एका रकान्यात, फोन, ईमेल, बिल, पैशांचा पाठपुरावा दुसऱ्यात. वर्षभरानं 30 टक्के जड की हलके, हे त्या वहीवरून ठरवा.

भीतीवरचं औषध मात्र एजन्सीच्या करारात आहे. तो समोर ठेवा आणि पुढच्या गोष्टी त्यात सापडतात का बघा.

कमिशन कशावर? ते चित्राच्या मानधनावर असावं. कुरिअर, रंग, प्रवास यांची गिऱ्हाइकाकडून मिळणारी भरपाई त्यातून वेगळी काढलेली हवी. पैसे आधी एजन्सीकडे जात असतील तर तिथे जमा झाल्यावर किती दिवसांत तुमच्याकडे येतील? 15 ते 30 दिवस ठीक, पण आकडा लिहिलेला पाहिजे आणि सोबत मूळ बिलाची प्रत. कामाला हो म्हणण्याचा अंतिम अधिकार तुमचा हवा. तुमच्या होकाराशिवाय तिनं तारीख कबूल करू नये. करार मोडायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच, 30 ते 90 दिवस. आणि ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ते कलम: करार संपल्यानंतरचं कमिशन. तिनं आणलेल्या पुस्तकाची रॉयल्टी येत राहील तोवर तिचा वाटा, हे रास्त आहे. पण ‘तिच्या ओळखीच्या प्रत्येक प्रकाशकाच्या यापुढच्या सगळ्या कामांवर’ असं काही लिहिलं असेल तर सहा महिन्यांची किंवा वर्षाची मर्यादा घालून घ्या. नाव नोंदवायचे, पोर्टफोलिओ ‘बघायचे’ पैसे आधीच मागणारा एजंट असेल तर तिथून उठून या. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण तुमच्या मैत्रिणींना सांगा.

ती सोडून गेली तर? जाऊ शकते. एजंट एजन्सी बदलतात, बाळंतपणाच्या रजेवर जातात, धंदा बंद करतात. करार एजन्सीशी आहे की तिच्याशी, हे पहिलं पान वाचून बघा; एजन्सीशी असेल तर ती गेल्यावर तुम्हाला नोटीस न देता बाहेर पडता यावं, अशी एक ओळ मागता येते. प्रत्येक कामाची मूळ फाइल, आर्ट डायरेक्टरचं नाव आणि झालेला करार तुमच्या डिस्कवर असू द्या, फक्त एजन्सीच्या सर्व्हरवर नको. स्वतःची छोटी वेबसाइट ठेवा, संपर्कात एजन्सीचा पत्ता असला तरी चालेल. एवढं हाताशी असलं की ती गेल्यावर दुसरी शोधायला तीन-चार महिने लागतील. चित्रं काढायला नव्यानं शिकावं लागणार नाही.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी आजच करा. एजन्सीचा करार सर्व कामांसाठी एकमेव असेल तर डिचोलीच्या लग्नपत्रिकेवरही कायद्यानं 30 टक्के लागू शकतात. म्हणून नावांची यादी जोडायची आणि लिहायचं: ही गिऱ्हाइकं आणि गोव्यातली स्थानिक कामं कराराबाहेर. बहुतेक एजन्सी हे मान्य करतात, कारण त्यांना त्या कामांत रस नसतो. यादीतली सगळीच नावं सांभाळायची गरज नाही. जे वेळेवर पैसे देतात आणि तुमचंच चित्र मागतात ते ठेवा. ‘मारियोसारखं’ मागणाऱ्याला सरळ सांगा, ‘ते मी करत नाही, माझं असं असतं,’ आणि ती 14 चित्रं दाखवा. काही जातील. एखाद-दुसरा थांबेलही.

राहणाऱ्यांशी मात्र व्यवहार बदला, कारण आपल्याकडे एक गोष्ट पुष्कळ चित्रकारांना ठाऊक नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे तोंडी ठरवलेलं मेनूकार्डाचं चित्र उद्या मगवर, मॅग्नेटवर, टी-शर्टवर आलं तर भांडायला तुमचा पाय लंगडा. एक पानाचा कागद पुरतो: कॉपीराइट चित्रकाराचा, वापर फक्त मेनूकार्डासाठी, मुदत दोन वर्षं, जागा फक्त हे हॉटेल, इतर वापराचे पैसे वेगळे. दोघांची सही. हक्क देऊनच टाकायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात (कलम 19), आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो. कलम 57 प्रमाणे चित्रावर आपलं नाव सांगण्याचा आणि मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क मालकी गेल्यावरही तुमच्याकडे राहतो. परदेशी करारात आता आणखी एक ओळ मागायला एजंटला सांगा: ही चित्रं एआय शिकवायला वापरायची नाहीत.

करांचं थोडक्यात. प्रकाशक अमेरिकेतला असेल तर डब्ल्यू-8बेन नावाचा फॉर्म येईल. तो पॅन क्रमांकासह भरून दिला की रॉयल्टीवर 30 ऐवजी भारत-अमेरिका कर-करारानुसार 15 टक्के कर कापला जातो, आणि कापलेल्याचा दाखला ठेवला तर इथल्या करात त्याची वजावट मागता येते. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेची पोच जपून ठेवा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या जवळ जायला लागली की जीएसटीचं सीएशी बोला.

एजंटला गोव्याचं वेळापत्रक सांगणं हेही तुमचंच काम. चवथीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे पाच घरात टेबलाला हात लागत नाही, हे लंडनला कसं कळणार? जून ते सप्टेंबर जलरंग दुप्पट वेळ ओला राहतो, कागद फुगतो, स्कॅनरच्या काचेला बुरशी धरते. 300 जीएसएमचा सुती कागद घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसोबत ठेवा. चित्र पूर्ण सुकल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये, वर सपाट वजन ठेवून एक रात्र दाबा आणि मग स्कॅन करा. नाहीतर फुगलेल्या भागाची सावली स्कॅनमध्ये येते आणि ती काढता काढता रंग मरतात. पावसाळ्यात पडणाऱ्या तारखेला दहा दिवस जास्त मागा. आधी मागितलेले दहा दिवस कुणाला खटकत नाहीत. शेवटच्या दिवशी मागितलेले दोन खटकतात.

आता आत्मविश्वासाबद्दल, कारण त्यात एक धोका आहे आणि तो तुमच्या पत्रात डोकावतो. तुम्ही लिहिता, ‘तिला आवडेल का असा विचार करून काढते.’ सहा महिने असं चाललं की हात तिच्या आवडीची सवय लावून घेतो. मारियोच्या जागी ती येते, बाकी सगळं तेच. यासाठी एक वही वेगळी करा, ए5 आकाराची, स्वस्त कागदाची. रोज सकाळी पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत. त्यातलं काहीही तिला, इन्स्टाग्रामवर, कुणालाच दाखवायचं नाही. पेडण्याच्या बाजारात बसून काढा, बसस्टँडवर काढा, सासूबाई कोकमं सुकवताना काढा. तीन महिन्यांनी वही उघडून जे परत परत आलेलं दिसेल, माणसाची बसण्याची ढब असेल, दुपारचा उजेड असेल, ते घेऊन एक पूर्ण चित्र करा आणि ते तिला पाठवा. एजंट दाखवू शकते ती फक्त तुमच्याकडे असलेली चित्रं. नवी दिशा अशा वहीतूनच येते.

उलट, कामाची चित्रं मात्र तिला लवकर दाखवा. कच्ची रफं पाठवायला लाज वाटते म्हणून पुष्कळजण थेट रंगवलेलं पाठवतात, मग एक पाय बदलायचा म्हटलं तरी तीन दिवस जातात. रफला दोन आणि फायनलला एक करेक्शनची फेरी मानधनात, त्यापुढे पैसे, हे करारात असावं. मानधनही तीन हप्त्यांत: सहीला, रफ मंजुरीला, फायनलला. आणि मध्येच पुस्तक थांबलं तर रफनंतर निम्मे, फायनलनंतर पूर्ण पैसे, असं मागा.

तर पाचवा स्प्रेड. अडचण चित्रकलेची आहे, हिमतीची नाही. माटोळी आडवी आणि डोक्याच्या वर. समोरून काढली की पुस्तकाची घडी बरोबर तिच्या मधोमध येते, खाली दोन माणसांची डोकी चिकटल्यासारखी दिसतात आणि वर पंचवीस फळं सारख्याच मोठेपणानं ओरडतात. कॅमेरा वर न्या. वाशांवर बसून खाली बघतो आहोत असं धरा. चौकट तिरकी, तिचा एक कोपरा पानाबाहेर जाणारा. त्यासाठी कडेनं 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान कापताना जाणारी जादा कड, सोडाच. लाकडी पट्ट्यांच्या मधून वर बघणारा नातीचा चेहरा उजव्या पानावर, आजी डाव्या पानावर स्टुलावर. घडीच्या दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटरमध्ये ना डोळा, ना बोट, ना गाठ.

फळांपैकी तीनच नीट काढा: जवळचं लालभडक कवंडळ, सुपारीचा घड आणि शेंडीचा नारळ. बाकीची रंगाचे ठिपके म्हणून सोडा, जसा त्या बोटीचा रॅम्प सोडलात. माटोळीतल्या वस्तूंची नावं चित्रात लिहायचा मोह होईल, परदेशी वाचकाला कळावं म्हणून. लिहू नका. दुसऱ्या भाषेतली आवृत्ती निघते तेव्हा बाकीचे रंग तसेच ठेवून फक्त काळ्या मजकुराची प्लेट बदलतात. चित्रात रंगवलेली अक्षरं असली की ते पान अडकतं. वाक्यासाठी डावीकडे वर शांत जागा ठेवा, तिथे एकही फळ नको.

सुरुवात मोठ्या कागदावर करू नका. 8 बाय 4 सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखा, जाड मार्कर घ्या, एका चौकटीला तीन मिनिटं. मग त्यातली एक निवडून आजीचा हात आधी काढा: केवणीच्या सालीचा दोर अंगठ्याखाली दाबलेला, दुसरं टोक दातांत धरलेलं, आणि गाठ अजून बसायची आहे.